सवाष्णीचं कडं

घास उतरला तर ईश्वरीच्या बाबांचं लग्न, अडकला तर नाही, असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्या पाटावर बसलेच नसते. पण ईश्वरीनं ते सांगितलं माझे पाय धुऊन, हळद-कुंकू लावून, समोर पान वाढून झाल्यावर. सवाष्ण एकदा पानावर बसली की उठत नाही. पोरगी महाबिलंदर आहे. आईवर गेलीय.

आई म्हणजे रोहिणी, माझी शाळेपासूनची मैत्रीण. ईश्वरी दहावीत असताना ती गेली. नवऱ्याआधी गेली म्हणून पितृपक्षातल्या अविधवा नवमीला तिच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालतात, आणि ती सवाष्ण दरवर्षी मीच. एरवी मी ईश्वरीची ऊर्मिलामावशी. नवमीच्या दिवशी मात्र जेवण झालं की ती माझ्यासमोर मांडी घालून बसते आणि विचारते, "आई, तृप्त झालीस?" मी म्हणायचं, "झाले गं बाळा." हे कुठल्या पोथीत नाही. पहिल्या वर्षी ती रडत रडत असं विचारून बसली, माझ्या तोंडून उत्तर गेलं आणि तीच त्या घरची रीत झाली.

पितर जेवले की नाही ते पूर्वी कावळा सांगायचा. आता आमच्या मिरजेत कावळे औषधाला शिल्लक नाहीत. म्हणून मी. त्यातून माझ्या पोटात यंत्र, म्हणजे आणखी खात्रीचा कावळा!

यंत्राचं सांगते. एके काळी मी रिक्षात बसले की रिक्षावाला दुसरं गिऱ्हाईक घ्यायचा नाही. गुडघे गेले, साखर वाढली, माझ्या घोरण्याला कंटाळून सुहास, म्हणजे माझा नवरा, उशी घेऊन हॉलमध्ये झोपायला गेला. शेवटी डॉक्टर शिरगुप्प्यांनी माझ्या जठराच्या वरच्या तोंडाशी पट्टा बसवला. ही शस्त्रक्रिया तशी जुनी. पूर्वीच्या पट्ट्यात डॉक्टर सुईनं खारं पाणी भरून तो घट्ट-सैल करायचे, आणि पट्ट्याला बिचाऱ्याला काही कळायचं नाही. त्याला भूक काय आणि चटक काय, दोन्ही सारखंच. नव्या पट्ट्याला कळतं. तो रक्तातलं भुकेचं संप्रेरक मोजतो आणि पोटापासून मेंदूपर्यंत गेलेल्या व्हेगस नावाच्या नसेला कान लावून बसतो. पहिलं वर्षभर तो वरवर सांभाळतो आणि शिकत राहतो, की ही बाई केव्हा भुकेनं खाते, केव्हा कंटाळा आला म्हणून आणि केव्हा कुणाच्या भिडेखातर. मग आपलं आपण ठरवतो. खरी भूक असली की सैल, नसली की घट्ट. सगळे त्याला कडं म्हणतात.

कडं घेऊन जगणं म्हणजे घासाची लापशी होईस्तोवर चावत बसणं. जेवताना पाणी नाही. मऊ भात आणि गरम पोळी यांच्याशी उभं वैर, कारण तेच नेमके चिकटून बसतात. पोट भरलं की मला एक शिंक येते, ती आली की थांबायचं. नाही थांबलं तर छातीत धोंडा, तोंडात फेसासारखी लाळ आणि मोरीकडे धाव. माझे केस गळले, दंडाची कातडी लोंबली, पाटल्या हातातून निसटायला लागल्या. लक्ष्मी मार्केटात ओळखीच्या बायका मला ओलांडून पुढे जायच्या, मीच हाका मारायची. पण गुडघे परत मिळाले, जिने चढायला लागले. मी कड्याला उगाच शिव्या देणार नाही.

गंमत पुढेच झाली. विमावाल्यांनी सवलत दिली आणि घरोघर कडी आली. त्यासरशी आग्रह मेला. पूर्वी 'एवढा एक लाडू घ्याच' म्हणून लोक जीव नकोसा करायचे. आता लाडू पुढे करायचा आणि समोरच्याचं तोंड बघायचं. घास उतरला तर माणूस आपला, अडकला तर मनात काहीतरी आहे! बघायला आलेल्या मुलानं पोहे अर्धे टाकले की मुलीकडचे उठून चपला शोधतात. माझ्या नणंदेनं एका वास्तुशांतीला तीन घासांत हात धुतला, तर दोन्ही घरांचं बोलणं बंद झालंय.

आणि मीच कशाला साळसूदपणा करू? कड्याचे गोडवे सगळ्यात जास्त मीच गायले. "माझं कडं खोटं बोलत नाही," हे मी ईश्वरीसमोर शंभरदा म्हणाले असेन. भिशीच्या बायकांसोबत माझा घास अडकायला लागला तशी मी भिशी सोडली. म्हटलं, बरं झालं, कळलं तरी. पोरीनं ऐकलं ते माझंच.

तर नवमीचं पान. माझ्यासाठी म्हणून तिनं भातुकलीत वाढावं तसं सगळं चिमूट चिमूट वाढलं होतं. कारल्याची भाजी, भोपळा, कढी, आमसुलाची चटणी, एक बोराएवढा वडा. आणि छोट्या वाटीत हुग्गी. गव्हाच्या खिरीला आमच्याकडे हुग्गी म्हणतात. रोहिणीचा जीव होता तिच्यावर. गूळ सढळ, खसखस, वर खोबरं.

"मावशी, एक सांगायचंय," ईश्वरी पंख्यानं माशी हाकल्यासारखं करत म्हणाली. माशी नव्हती. "बाबाला लग्न करायचंय."

"कुणाशी?"

"प्रतिभाताईंशी. सांगलीला शाळेत गणित शिकवतात त्या. तू भेटलीयस."

भेटले होते. जयवंतरावांनी, म्हणजे ईश्वरीच्या बाबांनी, चहाला बोलावलं होतं तेव्हा. पन्नाशीची, घटस्फोटित, मोठ्यानं हसणारी बाई. तिनं पुढे केलेलं बिस्कीट माझ्या छातीत अडकलं होतं, हेही मला त्याच क्षणी आठवलं.

"मी पुढच्या महिन्यात हैदराबादला चालले नोकरीला," ईश्वरी म्हणाली. "बाबा एकटा राहील. आत्ताच बघ ना, ओट्याशी उभा राहून पातेल्यातून जेवतो. मला चालेल गं लग्न. पण आईला चालेल का? ते कळल्याशिवाय माझा पाय निघणार नाही. म्हणून मी बाबाला सांगितलंय, नवमीला आईला विचारते. आई जेवली तर कर. नाही जेवली तर नाही."

"अगं, पण जेवणार मी!"

"आज तू आई आहेस," ती म्हणाली. "आणि तुझं कडं खोटं बोलत नाही."

मी जयवंतरावांकडे पाहिलं. ते दाराशी उभे होते, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. पाणीपुरवठ्यात सगळा जन्म काढलेला माणूस, अख्ख्या मिरजेचे नळ सांभाळले, पण पोरीपुढे बोलती बंद. "बघा बुवा," एवढंच म्हणाले आणि हसल्यासारखं केलं.

कारलं उतरलं. भोपळा उतरला. जीव भांड्यात पडला. मग हुग्गीचा चमचा तोंडात घातला. गुळाचा वास नाकात गेला, आणि गळ्याखाली, बरगड्यांच्या मधोमध, कुणी मूठ आवळावी तसं कडं बंद झालं. मी चावत राहिले. काय चावणार, खीर ती! तोंडात लाळ भरली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मी सवाष्ण, हळद-कुंकवासकट, पाटावरून उठून मोरीकडे पळाले.

परत आले तेव्हा ईश्वरीनं पान झाकून ठेवलं होतं. तिचा चेहरा पांढराफटक. "आईला नको आहे," ती म्हणाली. मला 'तृप्त झालीस?' असं विचारलंच नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा विचारलं नाही, आणि ते मला उलटीपेक्षा जास्त लागलं.

जयवंतराव तांब्या खाली ठेवून म्हणाले, "ठीक आहे. मी प्रतिभाला सांगतो." इतक्या शांतपणे म्हणाले की मला ओरडावंसं वाटलं.

"थांबा!" मी म्हणाले. "नवमीचं राहून गेलेलं सर्वपित्रीला करता येतं. अमावास्येपर्यंत कुणाला काही सांगू नका." कुठून सुचलं देव जाणे. ईश्वरीनं मान हलवली. "शेवटचं हं, मावशी," ती म्हणाली.

घरी आल्यावर सुहासला सगळं सांगितलं. त्यानं मोबाइल बाजूला ठेवला, म्हणजे बघा.

"पण तुला स्वतःला काय वाटतं?" त्यानं विचारलं. "जयवंतनं लग्न करावं की नाही?"

"करावं की. का नाही करावं?"

"मग अडकलं का?" आणि मग मिस्कीलपणे, "का तुझाच डोळा आहे त्याच्यावर?"

मी हातातलं पोतेरं फेकून मारलं. डोक्यात तिडीक गेली. पण पोतेरं फेकून झाल्यावर मी ओट्याशी उभी राहिले आणि खरंच स्वतःला विचारायला लागले, की ऊर्मिले, तुला काय वाटतं? आणि काही सापडेना. जयवंतराव मला कधी तसे आवडले नाहीत, हे नक्की. नक्की? आता कशाचीच खात्री देववेना. रोहिणीच्या स्वयंपाकघरात दुसरी बाई हुग्गी ढवळतेय, असं डोळ्यांपुढे आणलं तर छातीत काहीतरी आवळलं. ते कडं होतं की मी होते? मन कुठे संपतं आणि यंत्र कुठे सुरू होतं तेच कळेना. पूर्वी मला राग आला की मला कळायचं, राग आलाय. आता आधी छातीकडे लक्ष जातं, ती काय म्हणते बघू, मग मी ठरवणार! हसू आलं आणि मग भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर शिरगुप्प्यांकडे गेले. बाई माझ्याहून लहान, पण समजावून सांगतात छान.

"ऊर्मिलाताई, ही व्हेगस नस म्हणजे दोरखंड आहे असं समजा, आत पुष्कळ तारा," त्या म्हणाल्या. "दहातल्या आठ तारा पोटाकडून मेंदूकडे जातात. मेंदूकडून पोटाकडे येणाऱ्या जेमतेम दोन. म्हणजे पोट ऐकतं कमी, बोलतं जास्त. कडं आवळलं की पोट मेंदूला कळवतं, काहीतरी बिनसलंय. काय बिनसलंय ते मेंदूला ठाऊक नसतं. मग समोर जे असेल त्याच्यावर तो खापर फोडतो. समोर कारलं असेल तर कारल्यावर, नणंद असेल तर नणंदेवर."

मी खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे भिशीच्या बायका मला आवडेनाशा झाल्या म्हणून कडं आवळलं, की कडं आवळलं म्हणून त्या आवडेनाशा झाल्या?"

"सांगता येत नाही. दोन्ही इतकं पाठोपाठ होतं की आमच्या यंत्रालाही आधी काय आणि नंतर काय ते दिसत नाही."

"आणि नवमीला?"

"घाबरलात तरी आवळतं. रागावलात तरी. आणि... पूर्वी तुम्ही ती खीर कुणाबरोबर खायचात?"

"रोहिणीबरोबर. वाट्याच्या वाट्या. शेवटी दोघी जमिनीवर आडव्या व्हायचो, हलता यायचं नाही."

"मग कड्याच्या हिशेबी तो वास सगळ्यात धोक्याचा. तो वास आला की तुम्ही आजही पोटापलीकडे खाता, हे ते शिकलंय. पहिल्या वर्षी, शिकत होतं तोवर, जाऊ दिलं असेल, आता नाही देणार. म्हणजे तुम्हाला नको होतं म्हणून आवळलं असेल, किंवा फार हवं होतं म्हणूनही."

"अहो, मग ते बोलतं तरी काय? नको पण तेच आणि हवं पण तेच?"

"ते बोलतच नाही, ताई. ते फक्त आवळतं."

मी डोकं धरून बसले. भिशीतली निर्मला आठवली. माझी बिचारी निर्मला, हळद लागायच्या दिवसापासूनची सोबत. तिला मी वर्षभर तोंड दाखवलं नव्हतं, एका ढोकळ्यापायी!

मग मी उठता उठता विचारलं, "एक दिवस हे पूर्ण सैल करून ठेवता येईल?"

"येईल. पाच मिनिटांचं काम आहे, बाहेरूनच होतं. पण जपून खा. आणि एक लक्षात ठेवा, त्या दिवशी तुम्हाला कुणी थांबवणार नाही."

मी खोटं करायचं ठरवलं होतं, हे आपलं सरळ सांगते. सैल कड्यानं वाटीभर हुग्गी खायची, 'तृप्त झाले' म्हणायचं, जयवंतरावांचं लग्न लागतं, पोरगी हैदराबादला जाते, सुटलं! माझ्या मनात काय आहे ते मला कळत नव्हतं, पण त्या माणसाला आयुष्यभर पातेल्यातून खायला लावायचं नाही, एवढं कळत होतं.

सर्वपित्रीला सकाळी कडं सैल करून घेतलं आणि तशीच जयवंतरावांकडे गेले. रिक्षात बसल्या बसल्या मला भूक लागली. भूक! दोन वर्षांत तिची गाठ पडली नव्हती. कड्याबरोबर जी लागते ती शिस्तीची, वेळेवर येणारी. ही तशी नव्हती, ही दार लाथेनं उघडून आत आली. सेवासदनच्या कोपऱ्यावर भजी तळत होते, तर रिक्षा थांबवावीशी वाटली.

पुन्हा पाय धुणं, पुन्हा हळद-कुंकू, पुन्हा पाट. ईश्वरीच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं. जयवंतराव पुन्हा दाराशी, पुन्हा तांब्या.

मी हुग्गीचा चमचा तोंडात घातला. गेला. दुसरा गेला. गहू कसा दाताखाली फुटत होता, गूळ कसा जिभेवर पसरत होता! वाटी संपली आणि मी म्हणाले, "आणखी वाढ." ईश्वरीनं वाढताना डाव सांडला. दुसरी वाटी संपली. शिंक आली नाही. कुणी थांबवलं नाही. मी रोहिणीसारखीच वाटी बोटानं पुसून चाटली.

ईश्वरी समोर मांडी घालून बसली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "आई, तृप्त झालीस?"

'झाले गं बाळा', तीन शब्द. ओठांवर होते. पण तिनं माझ्याकडे असं पाहिलं की माझ्याच्यानं ते म्हणवेनात. जगात हीच एक मुलगी मला वर्षातून एकदा आई म्हणते, आणि तिलाच मी फसवत होते.

"ईश्वरी, मी आई नाही," मी म्हणाले. "मी ऊर्मिलामावशी आहे. आणि आज माझं कडं सैल आहे, मी ते मुद्दाम सैल करून आलेय. आज मी धोंडे जरी खाल्ले तरी उतरतील."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. "म्हणजे? मग नवमीला आई नाही म्हणाली तेच खरं?"

"तेही नाही. डॉक्टरला विचारून आले. भीती वाटली तरी आवळतं, राग आला तरी, प्रेम उफाळून आलं तरी. मला काय झालं होतं ते मला ठाऊक नाही. खरंच नाही गं. मी आठवडाभर स्वतःला विचारतेय. प्रतिभा या घरात आली तर रोहिणीची नवमी ती करेल, हे पान ती वाढेल, मग माझं इथे काय काम, असं वाटतं. वाईट वाटतं. आणि त्याच वेळी तुझ्या बापानं लग्न करावं असंही वाटतं. दोन्ही वाटतं. पण हे माझं झालं. तुझी आई माझ्या पोटात नाहीये. असती तर मी तिला कधीच बाहेर काढलं असतं, दोघींनी मिळून पातेलं संपवलं असतं."

जयवंतराव दारातून आत आले आणि भिंतीशी खाली बसले. ईश्वरी माझ्या रिकाम्या वाटीकडे बघत होती. रागावलीय की रडणार आहे, ते मला कळेना.

मग तिनं पातेलं ओढलं, माझ्याच उष्ट्या वाटीत हुग्गी घेतली आणि एक मोठा चमचा तोंडात घातला.

तो उतरेना. तिचे गाल फुगलेले, गळा वरखाली होतोय, डोळे गच्च भरलेले, आणि घास आहे तिथेच. मी घाबरून तिच्या बरगड्यांकडे पाहिलं, सवयीनं. मग आठवलं, हिच्या पोटात कुठलं कडं?

"थुंकू नकोस," मी म्हणाले. "घाई नाही. राहू दे तोंडात." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. जयवंतरावांनी तांब्या पुढे केला. ती रडत होती, नाक गळत होतं, तोंडात खीर तशीच. बराच वेळ गेला. मग तिनं एक घोट पाणी घेतलं, डोळे मिटले आणि घास गिळला. मग दुसरा खाल्ला, तोही रडत रडतच.

वाटी अर्धी झाल्यावर तिनं ओढणीनं तोंड पुसलं.

"बाबा, हुग्गी केवढी उरलीय बघ," ती म्हणाली. "प्रतिभाताईंना फोन कर. जेवायला या म्हणावं."

जयवंतराव फोन शोधायला उठले. फोन त्यांच्या खिशातच होता, पण ते घरभर शोधत राहिले. मी पाटावरून उठायला गेले, तर ईश्वरीनं माझा हात धरून खाली बसवलं.

"ओटी राहिलीय," ती म्हणाली आणि खण-नारळ आणायला आत गेली.